पहिल्या जाळ्याचा मान

निवृत्त झाल्यावर माझं दिवसभराचं बोलणं सकाळी आठच्या आत संपायला लागलं.

याला कारण एक बेटांचं राष्ट्र. ते इतकं पूर्वेला आहे की आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरात दूधवाला यायच्या आधी तिथली कचेरी उघडून बसलेली असते. मत्स्यखात्यात पस्तीस वर्षं परवान्यांच्या टेबलावर काढलेली बाई म्हणून कोणीतरी माझं नाव त्यांना सुचवलं. बेटांच्या आत शिरलेल्या उथळ समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवायचे, पण समुद्राची नासाडी होऊ द्यायची नाही, अशा धोरणाचा मसुदा त्यांना हवा होता. म्हणून पहाटे साडेपाचला मी केस विंचरून, वर चांगला कुडता आणि खाली घरातलाच परकर अशी लॅपटॉपसमोर बसे. दोन पिंजऱ्यांत अंतर किती असावं, एका जागी किती हंगाम मासे वाढवून ती जागा मोकळी ठेवावी, खाद्यासाठी लहान मासळी ओरबाडायची की नाही, यावर तावातावाने बोले. आठ वाजता ती मंडळी हात हलवून नाहीशी होत. मग मी चहा करी. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारा कुणी असला तर तो भाजीवाला, आणि तोही कोथिंबिरीपुरता.

मी लग्न केलं नाही. त्याचं दुःख करत बसावं असं मला कधी वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. एकटेपण वेगळं. ते मला मासळीबाजारात जाणवायचं. कोळीण विचारायची, किती देऊ, आणि मी म्हणायची, एक. तिला वाटायचं एक किलो. मग मला सांगावं लागायचं की एक म्हणजे एकच मासा, आणि तोही लहान बघून.

असा मोजून मासा घ्यायची पाळी माझ्यावर पूर्वी नव्हती. आमचं घर डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरला, खाडीच्या कडेला. आम्ही आगरी. आजोबांच्या वेळी भात होता, मीठ होतं आणि खाजणात, म्हणजे खाडीच्या खाऱ्या दलदलीत, एक तळं होतं. भात गेला, मिठागर गेलं, त्या जागी इमारती आल्या आणि आमचे लोक इमारतींचे मालक झाले. तळं तेवढं राहिलं, कारण माझ्या थोरल्या भावाने ते भरू दिलं नाही. त्यात जिताडा वाढतो. पावसाळ्यात खाडीतून त्याची बोटभर पिल्लं धरून आणायची, तळ्यात सोडायची आणि तो हात-हातभर होईपर्यंत वाट बघायची. आगऱ्याच्या घरचा जिताडा विकायला कमी आणि द्यायला जास्त. ज्याला मान द्यायचा त्याच्या घरी तो जातो. व्याह्याच्या घरी जातो, डॉक्टरच्या घरी जातो, आणि खरं सांगायचं तर ज्याच्याकडे काम अडलंय त्याच्याही घरी जातो.

पण आमच्या घरात पहिला जिताडा घरच्या लेकीचा. चैत्रातल्या अवसेला खाडीला मोठी ओहोटी लागते. त्या सकाळी बांधातली उघाडी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, वर ओढायच्या, तळं खाडीत रितं होऊ द्यायचं, आणि गुडघाभर पाणी उरलं की जाळं घालायचं. त्याआधी लेकीने पाण्याला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि जाळ्याच्या टोकाला हात लावायचा. तिचा हात लागल्याशिवाय जाळं पाण्यात जात नाही. आत्या होती तोवर आत्या करायची. तिच्यामागे मी. मी लग्न होऊन गेले नव्हते, नोकरीसाठी ठाण्यात राहिले होते, तेव्हा मी लेक की आणखी काही, असा प्रश्न गावात एकदोघींनी काढलाही होता. दादाने त्यांना चांगलंच सुनावलं होतं.

त्या दादाला मी माझ्या कचेरीत, माझ्या माणसांसमोर, मासा परत न्यायला लावला.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. अवसेच्या सकाळी मी कोपरला गेले, नारळ फोडला, जाळ्याला हात लावला आणि बैठक होती म्हणून मासा निघायच्या आधीच पळत ठाण्याला आले. दुपारी दादा कचेरीत आला. पांढरा सदरा, डोक्याला तेल, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेला जिताडा. त्याला तळ्याची नोंदणी करायची होती. सरकारी योजना होती, तिला नोंदणी लागत होती, आणि ठाण्याला येतोच आहोत तर बायचा, म्हणजे माझा, हिस्साही पोचवू, असा त्याचा साधा हिशेब. टेबलाभोवती माझे चार कारकून आणि दोन अर्जदार बसलेले.

मी आधी फाइल उघडली. मत्स्यबीज कुठून आणलं, या रकान्यात त्याने सरळ लिहिलं होतं, खाडीतून. रानातलं बी, म्हणजे खाडी-समुद्रातली पिल्लं, धरायचं नाही, बीज केंद्रातून घ्यायचं आणि त्याची पावती जोडायची, हे मी तोवर हजार जणांना सांगितलेलं. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, आपन कुटं समदी धरताव, मूठभर तं आनताव. मागे कोणीतरी हसलं. मग माझी नजर त्या गोणपाटावर गेली, आणि सगळ्यांची नजर तिथेच आहे हे मला दिसलं.

"अर्जासोबत मासा आणायचा नसतो," मी म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा. घेऊन जा परत."

मी त्याला 'दादा' म्हटलं नाही. तो अर्जदार होता आणि मी अधिकारी होते, आणि माझ्या पस्तीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीवर शेवटच्या वर्षी शिंतोडा नको होता. त्याने फाइल काखेत मारली, गोणपाट उचललं आणि गेला. फरशीवर पाण्याचा एक ओघळ राहिला होता, तो शिपायाने पुसला. कारकून त्या दिवशी माझ्याशी फार आदराने वागले, आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडलं.

संध्याकाळी खोपटपाशी रिक्षा अडकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती लाच नव्हती. तो माझा हिस्सा होता. सकाळी मीच हात लावलेल्या जाळ्यातला.

त्याच रात्री फोन करायला हवा होता, आणि मी केला नाही. चूक मान्य करायची असेल तर ती लेखी करावी, एवढंच खात्याने मला शिकवलं होतं. तोंडाने कशी करतात ते येत नव्हतं.

त्यानंतरही आमचं बोलणं अगदी तुटलं नाही. तुटलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणी मध्ये पडून जोडायला आलं असतं. भाऊबीजेला दादा वर्तकनगरला यायचा. वहिनीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणून एकटाच. मी ओवाळायची, तो ताटात साडी ठेवायचा. चहा घ्यायचा, तोही बशीत न ओतता, पाहुण्यासारखा कपाने. इमारत पाडणार कधी, पाणी येतं का, गुडघे कसे आहेत. पंधरा मिनिटांत उठायचा. तळ्याचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

आणि चैत्र आला की मी कॅलेंडरावरची अवस बघायची. पहिल्या वर्षी तर मी आदल्या दिवशी मोठं भगुलं माळ्यावरून काढून घासून ठेवलं होतं. आता फोन येईल, बाय, उद्या ये, म्हणेल. फोन आला नाही. दुसऱ्या वर्षी भगुलं काढलं नाही, पण फोन उशाशी घेऊन बसले. मग मनाशी ठरवून टाकलं की पुतणी सासरहून येत असेल, तिच्याकडून नारळ फोडून घेत असतील. मी हिस्सा परत केला तेव्हाच माझा मान गेला. तिसऱ्या वर्षी मी त्या दिवशी मुद्दाम सकाळच्या दोन बैठका लावून घेतल्या.

मसुद्यात कलम अकरा माझं फार लाडकं. समुद्रातलं रानबी धरण्यास पूर्ण बंदी. त्यालाच जोडून कलम बारा: बंदीमुळे ज्यांचं लहान तळं किंवा पिंजरा अडेल, त्यांना पहिली तीन वर्षं बीज सरकारने पोचवावं, आणि अधिकाऱ्याने स्वतः त्यांच्या दारी जाऊन समजावून सांगावं. 'दारी जाऊन' हे शब्द मीच आग्रहाने घातले होते. तिकडचा तरुण अधिकारी म्हणाला, हे फार माणुसकीचं आहे. मी मान डोलावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. बीज केंद्रातून बी कसं मागवायचं, ते कोण पोचवतं, हे मी माझ्या भावाला त्या दिवशी दोन मिनिटांत सांगू शकले असते.

यंदाच्या चैत्रात त्यांनी गावोगावच्या लोकांना बैठकीला बसवलं. एका बेटावरून एक म्हातारी आली होती. फुलाफुलांचा सैल झगा, तोंडात दात थोडे, आणि मागे समुद्र इतका निळा की तो खरा वाटत नव्हता. ती बोले आणि मग दुभाषी इंग्रजीत सांगे. तिने कलम अकरा ऐकून घेतलं आणि विचारलं, हे राखायला माणसं किती लागतील? अधिकाऱ्याने सांगितलं, दोन बोटी आणि सहा जण. म्हातारी हसली. तिच्या गावात मोठं माणूस वारलं की त्या गावचा समुद्र बंद करतात. कुणी मासा धरत नाही. महिने जातात, कधी वर्ष जातं. मग त्या घरातली बाई येऊन पाण्यात पाय टाकते तेव्हा तो उघडतो. अधिकाऱ्याने विचारलं, आणि तोवर राखण कोण करतं? ती म्हणाली, कोणी नाही. बाई आली नाही तर कोण जाणार पाण्यात?

मग तिने थेट कॅमेऱ्यात बघून मला विचारलं, तुमच्याकडे पहिलं जाळं कोण टाकतं?

"आमच्याकडे परवाना लागतो," मी म्हणाले.

दुभाषाने ते तिला सांगितलं. ती नुसती बघत राहिली. पाचएक सेकंदच असतील, पण माझ्या पस्तीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. बैठक आठला संपली. मी चहा केला नाही. खुर्चीतच बसून रडले, मोठ्याने, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

अवस चार दिवसांवर होती. मी कोणाला फोन केला नाही. मनात एवढंच होतं की लांबून बघायचं. पुतणी नारळ फोडेल, जाळं पडेल, आणि मग दादापुढे जाऊन म्हणायचं, माझं चुकलं. परत यायचं. हाकलून दिलं तरी परत यायचंच होतं.

कोपरला उतरून मी चालत घरी गेले तेव्हा सातही वाजले नव्हते. वहिनी ओटीवर बसली होती. मला बघून ती आश्चर्याने उठेल, निदान या तरी म्हणेल, असं वाटलं होतं. तिने मागे हात करून झाकलेलं ताट पुढे ओढलं. हळद, कुंकू, नारळ, निरांजन. वात तुपात भिजवून ठेवलेली.

मी विचारलं, पुतणी आली नाही? वहिनी म्हणाली, ती कशाला, ती सासरी. मग आज तळं कोण उपसतंय, मी विचारलं. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी आहे.

"तीन वर्सं उपसलाच नाय," ती म्हणाली. "दर अवसेला जालं घेवून बांधावर जातान. ओहोटी सरली का गुंडालून आनतान. मी रोज बोल्ली, फोन करा ताईंना. बोलतान, घरच्या पोरीला कोन आवतन देतं? आवतन पावन्याला."

हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. आत्याला कधी कोणी बोलावणं धाडलं नाही. ओहोटी कॅलेंडरात असते, लेक येते. बोलावणं गेलं तर आत्या रुसली असती, मी काय परकी झाले का म्हणून. पस्तीस वर्षं पत्र आल्याशिवाय कुठे न जाण्याची सवय लागलेली मी फोनची वाट बघत बसले, आणि हिस्सा परत केलेली बहीण एक दिवस आपल्या पायांनी येईल म्हणून तो बांधावर बसला. दोघंही आपापल्या नियमाने वागलो.

मी ताट घेऊन बांधावर गेले तेव्हा दादा पाठमोरा बसला होता. सदरा काढून शेजारी ठेवलेला, पाठीची हाडं दिसत होती, जाळं मांडीवर. बांधावर गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. माझी चाहूल लागली तरी त्याने मान वळवली नाही.

"लेट झालीस," तो म्हणाला. "पानी लागला उतरायला."

मी म्हणाले, दादा, त्या दिवशी मी... तो उठलाच. उघाडीच्या फळ्या फुगून बसल्यात, त्या ओढायला दोन माणसं लागतील, असं काहीतरी बोलत तो शेजारच्यांना हाका मारायला लागला. माझं वाक्य तसंच राहिलं. अजूनही राहिलेलं आहे.

फळ्या निघाल्या, पाणी धावलं. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. जाळ्याच्या टोकाला हात लावला. दादा, शेजारचे दोघं आणि मी, असे आम्ही चिखलात उतरलो. जाळं तीनदा ओढलं. तीन जिताडे निघाले. तिन्ही एवढे मोठे की शेजाऱ्याने कपाळाला हात लावला. पण तीनच. जिताडा भुकेला झाला की आपल्याच जातीचा लहान मासा खातो, त्यात नवल नव्हतं. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जाळ्यात हातभर मासा नव्हता, वीतभर नव्हता, बोटभर पिल्लूही नव्हतं.

"पिल्लं कुठायत?" मी विचारलं. "पावसात सोडली नाहीस?"

"तूच नको बोल्लीस ना खारीतला बी धरायला."

"तेव्हापासून एकदाही नाही धरलं?"

"मंग," तो म्हणाला. "नियम सगल्यांना सारका."

हे त्याने टोचून म्हटलं नाही. मला तोच तर ऐकायचा होता, टोमणा, म्हणजे मला उत्तर देता आलं असतं. त्याने ते साधं सांगितलं, भरती किती वाजता आहे ते सांगावं तसं. आणि मी चिखलात उभी राहून मनातल्या मनात सगळे परवाने आठवत होते, मी सही केलेले, मी फेटाळलेले. त्यांतला कोण घरी जाऊन माझं ऐकत होता, कोण जाणे. इथे एक माणूस ऐकत होता. त्याने माझ्या शब्दापायी नवं बी सोडलं नाही आणि माझ्या हातापायी जुना मासा काढला नाही, आणि आजोबांचं तळं डोळ्यांदेखत रिकामं होऊ दिलं.

त्याने सगळ्यांत मोठा जिताडा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. शेजारी बघत होते. वहिनी बांधावर काठी टेकून उभी होती. मी तो घेतला. वजनाने मी मागे गेले, साडीला चिखल लागला, माशाने शेपटी आपटून तोंडावर पाणी उडवलं, ते बरं झालं.

मी त्याला सांगितलं की बीज केंद्रातून बी मिळतं, अर्ज मी भरेन, पावसाच्या आधी पिशव्या घेऊन मीच येईन. तो रित्या तळ्याकडे बघत होता. तळाच्या खड्ड्यात ढोपरभर पाणी राहिलं होतं आणि त्यात बगळे उतरायला लागले होते.

"ते मोठं व्हयाला तीन वर्सं लागतील," तो म्हणाला. दादाला या दिवाळीत चौऱ्याहत्तर पुरी होतील. तीन वर्षं किती असतात ते आम्हा दोघांनाही नुकतंच कळलं होतं.

फळ्या परत बसवून झाल्यावर त्याने जाळं खांद्यावर टाकलं. थोडं चालला आणि माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"पुढच्या अवसेला फोन करू का तुला?"

हे विचारणं त्याला किती जड गेलं असेल ते फक्त मला आणि वहिनीला कळलं.

"नको," मी म्हणाले. "मी येईन."